वळिवडे छावणीचा इतिहास : १९४३ ते १९४८

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, करवीर तालुक्यातील वळिवडे गावाच्या शिवारात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधून आलेल्या निर्वासितांची एक वसाहत नांदत होती. भरात असताना तिथे सुमारे पाच हजार माणसे राहत. त्यांत बायका आणि मुलेच बहुसंख्य. कर्ते पुरुष सैन्यात तरी होते किंवा सोव्हिएत भूमीत कायमचे हरवलेले. शाळा, दवाखाना, चर्च, अनाथालय, ग्रंथालय, नाट्यगृह आणि स्वतःचे सहकारी दुकान असलेली ही छावणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात उभी राहिलेली पोलिश निर्वासितांची सर्वांत मोठी वसाहत ठरली. ती कोल्हापूरलाच का आली आणि तिच्यात कोणाला जागा मिळाली, हे समजायला काही वर्षे मागे जावे लागते.

जर्मनीत १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यापासून ज्यू कुटुंबे देश सोडू लागली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केला आणि या स्थलांतराला पळापळीचे रूप आले. त्याच वर्षी जुलैत फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी जमले. सहानुभूतीची भाषणे झाली, दारे मात्र जवळपास कोणी उघडली नाहीत. नोव्हेंबरमधील ज्यूविरोधी दंगलींनंतर ब्रिटनने फक्त मुलांपुरता अपवाद केला. पहिल्या तुकडीतील सुमारे दोनशे मुले २ डिसेंबर १९३८ रोजी हारविच बंदरात उतरली आणि युद्ध सुरू होईपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया व पोलंडमधून दहा हजारांच्या आसपास मुले ब्रिटनला पोहोचली. मुलांचा भार सरकारी तिजोरीवर पडू नये, ही त्यातली अट होती. पुढे प्रत्येक मुलामागे पन्नास पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. आईवडिलांना प्रवेश नव्हता. वीस हजार मुलांना आश्रय देण्याचे असेच एक विधेयक १९३९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसपुढे आले होते, ते तिथेच विरले.

भारताकडे मुलांची अशी गाडी निघाली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात येणाऱ्या ज्यूंचा विचार सरकारने पोटापाण्याचा आणि हेरगिरीचा प्रश्न म्हणून केला. मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने त्यावर वाट काढली. येणारा माणूस सरकारवर ओझे होणार नाही, असे ही संस्था लिहून देई; मग व्हिसा मिळणे जमे. जवाहरलाल नेहरूंनी ज्यू डॉक्टर व तंत्रज्ञांना इथे काम मिळावे असा आग्रह धरला, पण काँग्रेसमध्येही त्याला विरोध होता. संगीतकार वॉल्टर कॉफमन आणि चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ही या लाटेतून मुंबईला आलेली ठळक नावे. आकाशवाणीच्या परिचित सुरावटीशी कॉफमन यांचे नाव जोडले जाते.

युद्ध सुरू होताच या आश्रयाचा ठिसूळपणा उघडा पडला. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन पारपत्र असलेल्या पुरुषांना अटक झाली आणि हिटलरपासून पळून आलेले ज्यू हिटलरच्या समर्थकांसोबत अहमदनगरच्या नजरकैद छावणीत जाऊन बसले. कोण शत्रू आणि कोण शरणार्थी, हे ठरवण्यासाठी सर माल्कम डार्लिंग यांची चौकशी समिती नेमावी लागली. बऱ्याच ज्यूंची सुटका झाली, काहींना १९४० मध्ये पुन्हा आत घेतले गेले. देवळाली, सातारा आणि पुरंदर ही नावे या कैद्यांच्या आठवणींत वारंवार येतात.

वळिवड्याची माणसे दुसऱ्या वाटेने आली. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना रेल्वेच्या मालडब्यांत भरून सायबेरिया, अर्खांगेल्स्क आणि कझाकस्तानकडे नेण्यात आले. पहिली मोठी हद्दपारी १० फेब्रुवारी १९४० रोजी झाली. तिचा फटका मुख्यतः जमिनी देऊन वसवलेले माजी सैनिक, वनरक्षक आणि त्यांच्या कुटुंबांना बसला. एप्रिलमधील दुसरीत अटक झालेल्यांच्या बायकामुलांना उचलले. जूनमधील तिसरी लाट मात्र प्रामुख्याने ज्यूंची होती. जर्मनांच्या तावडीतून निसटून पूर्वेला आलेल्या आणि सोव्हिएत नागरिकत्व नाकारणाऱ्या या कुटुंबांना शिक्षा म्हणून उत्तरेकडे धाडले गेले. त्या शिक्षेनेच त्यांतल्या अनेकांचे प्राण वाचवले. १९४१ नंतर त्यांच्या गावांत मागे राहिलेल्यांपैकी फारच थोडे जगले.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर चढाई केली आणि कालचे शत्रू मित्र झाले. लंडनमधील परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मैस्की यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार झाला. हद्दपार पोलिश नागरिकांना मोकळीक मिळाली आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली सैन्य उभे राहू लागले. दक्षिणेला सैन्याची ठाणी आहेत हे कळताच हजारो कुटुंबे उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तानच्या दिशेने चालू लागली. भूक आणि टायफसने वाटेत असंख्य माणसे गेली. सैन्याबरोबर अनाथ मुलांचा जथाही वाढत गेला आणि ती सांभाळणे हे लष्कराचेच काम होऊन बसले. १९४२ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून सैनिक व नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली.

या एक लाखात ज्यूंचे प्रमाण हद्दपारांतील त्यांच्या संख्येच्या मानाने फार कमी होते. वंशाने पोलिश नसलेल्यांना पोलिश नागरिक मानायला सोव्हिएत अधिकारी तयार नव्हते, आणि पोलिश लष्करातील अधिकाऱ्यांच्या मनातली अढीही लपून राहिली नाही. दोष एकाच बाजूचा, असे मांडणे सोयीचे असले तरी खरे नाही. तरी अनेक ज्यू मातापित्यांनी आपली मुले पोलिश अनाथालयांच्या दारात सोडली, कारण बाहेर पडायची तेवढीच वाट उरली होती. अशी सातशेहून अधिक ज्यू मुले तेहरानला पोहोचली. त्यांना पॅलेस्टाईनला नेऊ पाहणाऱ्या ज्यू एजन्सीने त्यांच्यासाठी तिथे वेगळे बालगृह चालवले. पॅलेस्टाईनला जमिनीवरून जाण्याचा रस्ता इराकमधून होता, आणि इराकने परवानगी नाकारली.

म्हणून ही मुले भारतमार्गे गेली. जानेवारी १९४३ च्या आरंभी त्यांना तेहरानहून इराणच्या आखातावरील बंदर शाहपूरला नेण्यात आले आणि ‘दुनेरा’ या जहाजाने ती कराचीला आली. हेच जहाज १९४० मध्ये ब्रिटनमधील सुमारे अडीच हजार नजरकैद्यांना, ज्यांत बहुतेक ज्यू निर्वासितच होते, अत्यंत वाईट अवस्थेत ऑस्ट्रेलियाला घेऊन गेले होते. कराचीत त्या काळी मराठी बोलणारी बेने इस्रायल वस्ती होती आणि १८९३ साली बांधलेले मॅगेन शालोम सिनेगॉगही. मुलांचा मुक्काम थोडाच होता. पुढे दुसऱ्या जहाजाने सुएझ आणि तिथून रेल्वेने १८ फेब्रुवारी १९४३ रोजी ती पॅलेस्टाईनमधील अत्लितला उतरली. बालकांच्या पुनर्वसनाचे काम पाहणाऱ्या हेन्रिएटा सोल्ड यांनी त्यांची व्यवस्था लावली. या मुलांचे ‘तेहरानची मुले’ हे नाव इस्रायलमध्ये आजही ओळखीचे आहे.

उरलेल्या नागरिकांचे काय करायचे, हा प्रश्न इराणमध्ये ताटकळत राहिला. इराण त्यांना कायम ठेवून घ्यायला तयार नव्हता. मग साम्राज्याच्या नकाशावर जागा शोधल्या गेल्या. पूर्व आफ्रिकेत तेंगेरू, मसिंदी, कोजा, मेक्सिकोत सांता रोसा, न्यूझीलंडमध्ये पाहियाटुआ. पाहियाटुआला गेलेली ७३३ मुले मुंबई बंदरातच अमेरिकी जहाजावर चढली आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये तिथे पोहोचली. भारताच्या वाट्याला प्रथम अनाथ मुलेच आली. मुंबईतील पोलिश कॉन्सल एउगेनिउश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी अश्काबादहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा या खडतर रस्त्याने मालमोटारींतून मुलांची ने-आण घडवून आणली. १९४२ मध्ये ती काही महिने वांद्र्याला राहिली आणि मग काठेवाडात, नवानगरच्या जामसाहेबांनी समुद्रकाठी बालाचडी येथे उभारलेल्या वसतिस्थानात गेली.

जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते. लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळात त्यांना भारताचे प्रतिनिधी म्हणून स्थान होते. त्यांनी जागा दिली, इतर संस्थानिक आणि उद्योगपतींकडून मदत उभी केली आणि मुलांमध्ये ते स्वतः मिसळत. मुले त्यांना बापू म्हणत. त्यांचे हे औदार्य खरे होते. पण त्यावरून वळिवड्यालाही महाराजांच्या दयेची कथा चिकटवली जाते, ती तपासून घ्यायला हवी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते. गादीवर दत्तक घेतलेले बालछत्रपती शिवाजी होते आणि त्यांच्या नावे राज्यकारभार महाराणी ताराबाईंच्या रिजन्सीकडे होता. वळिवड्याची जागा कोल्हापूर संस्थानातली, आणि संस्थानाचे सहकार्य महत्त्वाचे. पण छावणी बांधण्याचा निर्णय भारत सरकारचा होता आणि तिचा चालू खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे, ब्रिटनने दिलेल्या कर्जातून, होत होता. हद्दपार पोलिश कुटुंबांच्या मागे एक सरकार उभे होते, जरी ते दुसऱ्याच्या राजधानीत बसलेले असले तरी. मुंबईच्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनला एकेका माणसासाठी जी हमी द्यावी लागे, ती इथे हजारोंसाठी एका कागदावर मिळाली. पाच हजार पोलिश माणसांना कोल्हापूरला जागा मिळते आणि ज्यू निर्वासितांना एकेकट्याने दार ठोठावावे लागते, या तफावतीचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

जागेची निवड विचारपूर्वक झाली होती. कोल्हापूरची हवा युरोपीय माणसाला मानवण्याजोगी, पंचगंगेचे पाणी जवळ, आणि १८९१ पासून धावणारी मिरज-कोल्हापूर रेल्वे शेजारून जाणारी. १९४३ च्या मध्यास कराचीच्या तात्पुरत्या छावणीतून पहिल्या तुकड्या इथे येऊ लागल्या. कॅप्टन व्लादिस्वाव यागिएवोविच हे छावणीचे प्रमुख होते. कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकी, चटयांच्या भिंती, पुढे पडवी आणि प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली. मालडब्यांतून, बर्फातल्या लाकडी कोठारांतून आणि वाळवंटातल्या तंबूंतून आलेल्यांना वेगळ्या दाराचे अप्रूप होते. थोड्याच दिवसांत बराकींपुढे फुलझाडे लागली, वेली चढल्या. पावसाळ्यात मात्र करवीरचा पाऊस चटयांच्या भिंती भिजवून टाकी. साप, विंचू आणि हिवताप यांची सवय करून घ्यावी लागली.

मुलांचे शिक्षण हा छावणीचा कणा होता. लहानांसाठी बालवाडी, नंतर प्राथमिक शाळा, त्यावर गिम्नाझियुम आणि लिसेउम या पोलिश पद्धतीच्या माध्यमिक शाळा, शिवाय हाताला काम शिकवणारे वर्ग, अशी पूर्ण साखळी इथे होती. दोन-तीन वर्षे एकही दिवस शाळेत न गेलेली, मधल्या काळात रशियन वर्गात बसलेली किंवा अक्षरओळखच विसरलेली मुले एका वर्गात बसवायची, म्हणजे शिक्षकांची परीक्षाच. क्रमिक पुस्तके नव्हती. शिक्षकांच्या टिपणांवर आणि फळ्यावरून उतरवून घेतलेल्या धड्यांवर बराच काळ भागले. आपण परत जाणार आहोत, हे गृहीत धरूनच पोलंडचा इतिहास, भूगोल, साहित्य शिकवले जाई. त्यामुळे भारत हा अभ्यासक्रमात फारसा नव्हता. तो शाळेबाहेर, बाजारात आणि नदीवर भेटे. छातीच्या विकाराने अशक्त झालेल्या मुलांसाठी पाचगणीला पोलिश आरोग्यकेंद्र चालवले जाई.

शाळेइतकेच महत्त्व बालवीर चळवळीला होते. पोलंडमध्ये ‘हार्त्सेर्स्त्वो’ या नावाने चालणारी ही चळवळ वळिवड्यात फार जोरात होती. गणवेश, शेकोट्या, रात्रीच्या मोहिमा, नाटके, सणसमारंभ यांचे वेळापत्रक तिच्याभोवती फिरे. तिला आकार देण्यात झ्दिझ्वाव पेश्कोव्स्की या तरुण अधिकाऱ्याचा वाटा मोठा. सोव्हिएत कैदेतील कोझेल्स्क छावणीत हजारो पोलिश अधिकारी होते आणि त्यांतील बहुसंख्यांची कातिनच्या जंगलात हत्या झाली; पेश्कोव्स्की त्यातून वाचलेल्या थोड्यांपैकी एक. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनच्या स्मृतीसाठी त्यांनी आयुष्य वेचले. आई मजुरीत गेलेल्या आणि बाप कुठे आहे याचा पत्ता नसलेल्या मुलामुलींना तुकडी, नायक आणि रोजचे काम मिळाल्याने जो आधार झाला, तो कोणत्याही भत्त्याने झाला नसता.

कोल्हापूरकरांशी संबंध आला तो मुख्यतः व्यापारातून. भाजी, दूध, कोंबड्या, अंडी घेऊन आसपासच्या गावांतले लोक छावणीत येत. शहरातले व्यापारी आणि शिंपी यांनाही पाच हजार गिऱ्हाइके एकदम मिळाली. पोलिश बायका मोडक्यातोडक्या हिंदुस्थानी-मराठीत घासाघीस करायला शिकल्या. काही जणींनी इथल्याच माणसांशी लग्ने केली आणि त्या मागे राहिल्या. कोल्हापुरात त्यांचे संसार झाले. छावणीतील जीवनाच्या बातम्या मुंबईहून निघणाऱ्या ‘पोलाक व्ह इंद्याख’ या पोलिश नियतकालिकातून येत.

भारत मुलांपर्यंत नीट पोहोचावा म्हणून धडपडणाऱ्यांत वांदा दिनोव्स्का यांचे नाव अग्रभागी आहे. त्या थिऑसॉफिस्ट, गांधीजींच्या अनुयायी, उमादेवी या नावाने भारतात ओळखल्या जाणाऱ्या. छावणीतल्या तरुणांना भारतीय विचार आणि परंपरा समजावून सांगणे हे त्यांनी आपले काम मानले. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन हे वॉर्साचे ज्यू अभियंते. सातारा भागातील औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि आप्पासाहेब पंत यांनी १९३८-३९ मध्ये ग्रामराज्याचा जो प्रयोग केला, त्याच्या आखणीत फ्रीडमन होते; निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी रूपांतरही पुढे त्यांनीच केले. १९४४ मध्ये दिनोव्स्का आणि फ्रीडमन यांनी मद्रासला पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली आणि भारतीय साहित्य पोलिश भाषेत आणले. एक कॅथलिक घराण्यातली बाई आणि एक ज्यू इंजिनिअर, दोघेही पोलंडचे, मिळून भारताची ओळख पोलिश वाचकाला करून देतात, हे छावणीच्या आखणीत कोणी लिहून ठेवलेले नव्हते.

छावणीचे आर्थिक आणि राजकीय भवितव्य युरोपात ठरत होते. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहणार हे निश्चित झाले. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरे त्याच भागात होती, म्हणजे परत जायला गावच उरले नाही. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्याने हमी दिली ते सरकारच कागदावरून नाहीसे झाले. खर्चाची जबाबदारी प्रथम ब्रिटिश खजिन्याच्या एका अंतरिम समितीकडे, मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे आणि १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. वॉर्सातील नव्या कम्युनिस्ट सरकारने नागरिकांना परत बोलावले, थोडेच गेले.

अनाथ मुलांची काळजी याहून तीव्र होती. पालक नसलेल्या अल्पवयीन मुलांना वॉर्सातले सरकार मागू शकते, ही भीती खरी होती. १९४६ मध्ये बालाचडीची वसाहत बंद होऊन तिथली मुले वळिवड्याला आली तेव्हा ती शिगेला पोहोचली. जामसाहेब, बालाचडीचे प्रमुख फादर फ्रांचिशेक प्लुता आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी मिळून मुलांचे कायदेशीर पालकत्व आपल्याकडे घेतले, आणि त्यामुळे सक्तीने परत पाठवण्याची वाट बंद झाली. जामसाहेबांच्या नावाची खरी ताकद कोणत्याही मेजवानीपेक्षा या दस्तऐवजात दिसते.

भारत स्वतंत्र होताच छावणी आवरण्याला वेग आला. ब्रिटिश नेतृत्वाखाली लढलेल्या पोलिश सैनिकांच्या कुटुंबांना १९४७ च्या पुनर्वसन कायद्याखाली ब्रिटनमध्ये जाण्याची मुभा मिळाली आणि वळिवड्यातून सर्वाधिक माणसे तिकडेच गेली. काही पोलंडला परतली. ज्यांचे कोणी सैन्यात नव्हते त्यांना पूर्व आफ्रिकेच्या छावण्यांत हलवण्यात आले; तिथून पुढे अनेकांनी ऑस्ट्रेलिया, कॅनडा गाठले. १९४८ मध्ये वळिवडे रिकामे झाले. आजारपणात गेलेल्यांची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिली.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांना त्याच ठिकाणी जागा देण्यात आली आणि वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. आज गांधीनगर ही पश्चिम महाराष्ट्रातील कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. मूळ बराकी जवळपास दिसेनाशा झाल्या आहेत, शेजारच्या रेल्वे स्थानकाने वळिवडे हे नाव टिकवले आहे.

जगभर विखुरलेल्या माजी रहिवाशांनी लंडनमध्ये भारतातील पोलिश लोकांचे मंडळ स्थापन करून आठवणी, छायाचित्रे आणि कागदपत्रे जमवली. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आश्रयाची आठवण म्हणून स्तंभ उभारला गेला. १४ सप्टेंबर २०१९ रोजी वळिवड्यात पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री मार्चिन प्शिदाच यांच्या उपस्थितीत दुसऱ्या स्तंभाचे अनावरण झाले. वॉर्सा शहरातही जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि वळिवडे-कोल्हापूर छावणीचे वेगळे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.